पोट्टा मिल्ट्रीत लागला, पण नक्की कशात? पूर्णवेळ सैन्यसेवा ओळखायची कशी

वऱ्हाडात अंगावर वर्दी चढली की गावाला एकच शब्द पुरतो: मिल्ट्री. गडचिरोलीच्या जंगलातला सीआरपीएफचा जवान मिल्ट्रीत, देसाईगंजच्या एसआरपीएफ गटातला शिपाई मिल्ट्रीत, आणि गणपतीच्या बंदोबस्ताला उभा असलेला होमगार्डही कधीकधी मिल्ट्रीतच. पारावर बसून बोलताना हे खपून जातं. सोयरीक ठरवताना, सवलतीचा फॉर्म भरताना किंवा वावराच्या वाटणीचा दावा लागल्यावर मात्र खपत नाही. तिथे प्रश्न येतो की हा माणूस पूर्णवेळ सैन्यसेवेत आहे का, कोणत्या अटींवर आहे, आणि आजच्या घडीला कायदा त्याला काय धरतो.

माझी नोकरी पलटणीच्या ऑफिसात क्लर्क म्हणून गेली. आता तालुक्याला पोरांचे फॉर्म आणि घरच्यांचे कागद पाहून देतो. समोर बसलेल्याला मी जे विचारतो, ते त्याच क्रमाने इथे लिहितोय.

आधी विचारा: पगार कोणतं खातं देतं?

भूदल, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाखाली येतात. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं गृह मंत्रालयाची. एसआरपीएफ आणि गडचिरोलीचं सी-६० पथक राज्याच्या पोलिसांचं. आसाम रायफल्सचं त्रांगडं वेगळंच आहे: प्रशासन गृह मंत्रालयाकडे आणि कारवाईचा हुकूम लष्कराकडे.

हे सगळे पूर्णवेळ नोकरीतले लोक आहेत. धोका कोणाला जास्त, या वादात मला पडायचं नाही. एटापल्ली-भामरागडकडे ज्यांनी दिवस काढलेत त्यांना तो माहीत आहे. पण कागदावर फरक मोठा पडतो. सीआरपीएफमधून निवृत्त झालेला जवान ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे सरकारी भरतीतल्या माजी सैनिकांच्या राखीव जागा त्याला मिळत नाहीत. दरवर्षी कोणीतरी त्या रकान्यात खूण करून येतो आणि कागदपत्र तपासणीत बाद होतो. फॉर्म भरण्याआधी दलाचं नाव पूर्ण लिहायला सांगा. ‘फोर्समध्ये आहे’ हे उत्तर घेऊ नका.

मग विचारा: पूर्णवेळ, की बोलावल्यावर?

पाडव्याला सालदार ठरतो तेव्हा त्याचे तास ठरत नाहीत, साल ठरतं. दिवसा डवरणी असेल, रात्री डुकरं हाकलायला जागल असेल, मालक म्हणेल तिकडे तो जातो. रोजदार सांगितलेल्या दिवशी येतो आणि संध्याकाळी आपल्या घरचा होतो. पूर्णवेळ सैनिक सालदारासारखा असतो. बराकीत झोपलेला असला तरी तो सेवेतच असतो, आणि सुट्टीवर गावी आलेला असला तरीही. सुट्टीतही लष्करी कायदा त्याला लागू राहतो आणि युनिटची तार, म्हणजे आता फोन, आला की सुट्टी अर्धवट सोडून निघावं लागतं.

इंग्रजी सिनेमात आणि रील्सवर पोरं ‘ॲक्टिव्ह ड्युटी’ ऐकतात, तो अमेरिकन शब्द याच पूर्णवेळ नोकरीचा आहे. तिकडे रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डचे लोक साधारणपणे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे सराव करतात, बाकी वेळ आपापला धंदा-नोकरी करतात. सरकारने बोलावलं की तेच लोक ‘ॲक्टिव्ह ड्युटी’वर येतात आणि सुटका होईपर्यंत पूर्णवेळ सैनिक होतात. त्यामुळे ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे लढाईत, असं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या कार्यालयात फायली लावणारा पूर्णवेळ सैनिकही ॲक्टिव्ह ड्युटीवरच असतो. आपल्याकडच्या फॉर्मवर त्या जागी ‘सेवारत’ किंवा ‘सर्व्हिंग’ लिहिलेलं सापडेल.

आपल्याकडे रोजदारीच्या बाजूला सगळ्यात ठळक उदाहरण प्रादेशिक सेनेचं, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचं. तिचा कायदा १९४८ चा आणि ९ ऑक्टोबर हा तिचा दिवस, कारण १९४९ साली त्या तारखेला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचं औपचारिक उद्घाटन केलं. कल्पना साधी आहे: माणूस आपली नोकरी-शेती सांभाळतो, ठरलेल्या काळात प्रशिक्षणाला येतो आणि गरज पडली की वर्दी घालतो. बोलावून सेवेत घेतलं की त्याला ‘एम्बॉडी’ केलं म्हणतात. तेवढा काळ तो नियमित सैनिकासारखाच लष्करी कायद्याखाली असतो, पगारही तेवढ्याच काळाचा मिळतो. परत पाठवलं की तो पुन्हा कास्तकार.

हे फक्त कागदावरचं नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले आणि तिच्या ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरी दिली. पोरांना समजावताना मी धोनीचं नाव घेतो, लगेच कळतं. २०११ साली त्याला प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो काश्मीरमध्ये बटालियनसोबत राहूनही आला. पण त्याचं पूर्णवेळ काम क्रिकेटच होतं.

मुलगा प्रादेशिक सेनेत भरती होत असेल तर घरच्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. निवृत्तिवेतनासाठी नुसती नावनोंदणीची वर्षं धरत नाहीत, प्रत्यक्ष एम्बॉडी असलेला काळ मोजतात. जवानाला त्यासाठी अशी १५ वर्षं भरावी लागतात. वीस वर्षं नाव लागलेलं आहे पण त्यातला बराच काळ घरीच, असा माणूस पेन्शनला मुकतो.

होमगार्डला काम केलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. ती मानसेवी व्यवस्था आहे, सैन्य नव्हे. एनसीसी कॅडेटवर तर सैन्यसेवेचं कुठलंच बंधन येत नाही. ‘सी’ सर्टिफिकेटचा भरतीत फायदा होतो, तो जरूर घ्यावा, पण बायोडाटात ‘सैन्यात सेवा’ असं लिहू नये.

किती वर्षांसाठी?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो अग्निवीरांवरून. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून ‘हे काय खरे फौजी नाहीत, कंत्राटी आहेत’ असं कोणीही उठून बोलतं. अग्निवीर चार वर्षं पूर्णवेळ सैनिक असतो. त्याला लष्करी कायदा लागू आहे आणि जिथे पाठवतील तिथे, जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत, त्याला जावं लागतं. सियाचीनवर कर्तव्यावर असताना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्राण गमावलेले अग्निवीर अक्षय गवते आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्यांच्यासमोर कंत्राटी हा शब्द उच्चारून बघावा.

वेगळी आहे ती मुदत, आणि मुदत संपल्यावर हातात काय राहतं ते. चार वर्षांत प्रशिक्षणही धरलेलं आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणून पहिल्या वर्षी हाती २१,००० येतात. नेमणुकीच्या जागेप्रमाणे भत्ते वेगळे. सरकार सेवानिधीत तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. वर्षाला सुट्टी ३० दिवस. नियमित जवानाला वार्षिक ६० आणि नैमित्तिक ३० अशी सुट्टी असते, तेव्हा ‘शेजारचा फौजी पेरणीलाही येतो आणि वेचणीलाही, आमचा काहून येत नाही’ याचं उत्तर इथे आहे.

चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात, पुढच्या किमान १५ वर्षांसाठी. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. या शेवटच्या गोष्टीकडे गावात लक्षच जात नाही. घरपट्टीतली माफी, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना, कॅन्टीनचं कार्ड हे सगळं त्या दर्जाला बांधलेलं असतं. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत येतात. अकराएक लाख हातात घेऊन तेविशी-चोविशीतले पोट्टे गावात परततील तेव्हा त्यांच्याभोवती ट्रॅक्टरचे एजंट आणि प्लॉटवाले गोळा होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याआधी घरात बसून ठरवा.

अधिकाऱ्यांचं थोडक्यात: शॉर्ट सर्व्हिस कमिशन १० वर्षांचं, ते १४ पर्यंत वाढतं, पर्मनंट कमिशन निवृत्तीच्या वयापर्यंत. दोन्ही पूर्णवेळच. मुलींसाठी अग्निवीर म्हणून भूदलात लष्करी पोलिसांत जागा निघतात, एवढं सांगून ठेवतो, कारण मला विचारायला येतात ते बहुतेक मुलींचे वडील आणि त्यांना हे माहीत नसतं.

चौथा प्रश्न फक्त कायद्याचा: ॲक्टिव्ह सर्व्हिस

पूर्णवेळ सेवा वेगळी आणि ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’ वेगळी. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३ मध्ये तिची व्याख्या आहे. शत्रूविरुद्ध कारवाईत गुंतलेल्या दलाचा भाग असणं, शत्रूने व्यापलेल्या मुलखात कारवाईत असणं किंवा तिकडे कूच करत असणं, किंवा परदेशाचा ताबा घेतलेल्या दलात असणं, एवढ्या काळाला ॲक्टिव्ह सर्व्हिस म्हणतात. त्याशिवाय कलम ९ खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून इतरांनाही त्या अवस्थेत धरू शकतं.

याने घरच्यांना काय फरक पडतो? शिक्षेत पडतो. पहाऱ्यावर झोपलेल्या जवानाला एरवी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर १४ वर्षांपर्यंत. सेवा सोडून पळून जाणं, म्हणजे डेझर्शन, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना किंवा तसा हुकूम मिळालेला असताना मृत्युदंडापर्यंत जाऊ शकतं. एरवी कमाल ७ वर्षं.

म्हणून आईने फोनवर ‘चार दिवस जास्त रायले तर काय होते बापा’ असं म्हणणं सोडून द्यावं. सुट्टी संपायच्या आत युनिटला कळवून मुदतवाढ मागता येते. घरात कोणी आजारी असेल तर तसं प्रमाणपत्र जोडता येतं. न कळवता राहणं हा कलम ३९ खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. लष्कराला अडचण कळते, गैरहजेरी कळत नाही.

जवान बोलताना ‘फील्ड’ आणि ‘पीस’ म्हणतात ती नेमणुकीची भाषा आहे: फील्ड म्हणजे सीमेवरची किंवा कारवाईच्या भागातली, पीस म्हणजे शांत ठिकाणची. पीसला कुटुंब सोबत नेता येतं, क्वार्टर मिळण्याची शक्यता असते. फील्डला नाही. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडच्यांनी हे विचारलं तर त्यात वावगं काही नाही. लग्नानंतर पहिली तीन वर्षं कुठे जाणार हे मुलीला आधी कळायला हवं.

माणूस खरा आहे हे कसं पाहायचं

ओळखपत्राचा फोटो मागू नका. खरा जवान तो पाठवत नाही, आणि जो मागायच्या आत व्हॉट्सॲपवर पाठवतो त्याच्यापासून लांब राहा. जुन्या गाड्या विकण्याच्या ॲपवर ‘मी आर्मीत, पोस्टिंग निघाली, बुलेट स्वस्तात देतो’ म्हणणारे असेच कार्ड पाठवतात आणि मग क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

बैठकीत साधे प्रश्न पुरतात. भरती कोणत्या साली, ट्रेनिंग कोणत्या सेंटरला, आता कोणत्या पलटणीत. गार्ड्सवाला कामठी सांगेल, मराठा लाइट इन्फंट्रीवाला बेळगाव, महार रेजिमेंटवाला मध्य प्रदेशातलं सागर. तोफखान्याचा नाशिकरोड किंवा हैदराबाद म्हणेल, रणगाड्यांचा अहिल्यानगर. युनिट आत्ता नेमकं कुठे तैनात आहे हे मात्र खोदून विचारू नका. तो सांगणार नाही, सांगूही नये. लेखी खात्री हवी असेल तर युनिटचं सर्व्हिस सर्टिफिकेट मागा. सेवारत असणारा ते सुट्टीवर येताना सोबत आणू शकतो. निवृत्त असेल तर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश.

लग्न झालं की युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे लग्नाची लष्करी दप्तरातली नोंद, निघाली का हे बायकोने विचारायचं. ती निघेपर्यंत लष्कराच्या दप्तरी तो अविवाहितच असतो. विवाह नोंदणी, आधार आणि ऑर्डर या तिन्हींवर नाव एकाच स्पेलिंगने हवं. ‘प्रतिभा’ आणि ‘प्रतिभाताई’ यांवरून अडलेल्या फायली मी खूप पाहिल्यात.

दावा लागला आणि पोरगा सीमेवर

हे आमच्या भागात सगळ्यात जास्त उपयोगाचं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं. धुऱ्याचं भांडण, वाटणी, पांदण रस्ता, फेरफार, यांत जवान पक्षकार असतो आणि तारखेला हजर राहू शकत नाही. भाऊबंदकीत काही लोक नेमकी तीच वेळ साधतात.

इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट १९२५ यासाठीच आहे. तो दिवाणी आणि महसुली अशा दोन्ही न्यायालयांना लागू होतो. जवान युद्धाच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत सेवा करत असेल आणि त्याच्या वतीने कोणी उभं नसेल, तर ठरलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर न्यायालयाला काम पुढे ढकलावं लागतं. बाजू मांडायला कोणी नसलेला जवान प्रकरणात आहे असं जिल्हाधिकाऱ्यांना दिसलं, तर तेही न्यायालयाला तसं कळवू शकतात. दावा दाखल करण्याची मुदत मोजतानाही तो काळ वगळला जातो. शुफ्याच्या, म्हणजे अग्रखरेदीच्या, दाव्यांना ही सूट नाही.

नोटीस घरी आली की तिचा फोटो लगेच मुलाला पाठवा. त्याने तो अर्जासह आपल्या युनिटला द्यायचा. इकडे त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तारखेच्या दिवशी घरातल्या कोणीतरी तहसीलला किंवा कोर्टात जाऊन जवान सेवेत असल्याचं लेखी द्यावं, नुसतं तोंडी सांगू नये. पीस स्टेशनला असलेल्या जवानाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. त्याने सुट्टी काढावी किंवा मुखत्यारपत्र करून वकील लावावा.

मतदानाचं राहिलं

सेवारत जवानाला ‘सर्व्हिस व्होटर’ म्हणून आपल्याच गावच्या पत्त्यावर नोंद करता येते. लष्करासोबत सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांनाही ही सोय आहे. भूदल-नौदल-हवाई दल आणि केंद्रीय दलांसाठी नमुना २, राज्याबाहेर तैनात असलेल्या राज्य सशस्त्र पोलिसांसाठी नमुना २ अ. अर्ज युनिटमधूनच जातो. मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते. ती छापून, मत नोंदवून टपालाने परत पाठवायची. सोबत राहणाऱ्या पत्नीचंही नाव तसंच लागतं. ज्याने ही नोंद केली त्याचं नाव गावच्या साध्या यादीत राहू नये, नाहीतर दोन ठिकाणी नोंद होते. तसं असेल तर बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याकडे, नमुना ७ भरून साध्या यादीतलं नाव कमी करून घ्या.